नसलेल्या पाइपाची पाटी

अण्णा, तुमची ती पिवळी पाटी मी शाळेच्या मैदानावर लावली होती, हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागाहून. ‘कार्य प्रगति पर है’ लिहिलेली, एका कोपऱ्यात मुडपलेली, मागच्या बाजूला तुमच्या खात्याचा नंबर रंगवलेली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेवढ्या काळात ती पाटी माझ्याबरोबर तीन घरं फिरली. आता गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर धुण्याच्या मशीनमागे उभी असायची. दर दिवाळीच्या साफसफाईला घरात विचारणा व्हायची, हा पत्रा टाकायचा का, आणि दर दिवाळीला मी म्हणायची, राहू दे, लागेल. लागली बघा शेवटी. ती लावल्यापासून तुमच्याशी बोलायचं साचत गेलंय, म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ठमाकाकू, मुद्द्यावर या. येते, पण माझ्या चालीनं येते.

मी अजून शाळेत सायन्सच शिकवते. रिटायर व्हायला चार वर्षं आहेत. शाळा मोठी, काचेची, वर्गावर्गात एसी. पोरांचे पाय लिफ्टमधून बसमध्ये, बसमधून वर्गात, वर्गातून परत बसमध्ये. मातीचा संबंध फक्त युनिफॉर्म मळला म्हणून ओरडा बसतो तेव्हा. मागच्या कंपाउंडला लागून एक तुकडा होता, बांधकामाचा राडारोडा टाकलेला. तीन वर्षांपूर्वी मी तो मागून घेतला. राडारोडा उपसला, पळस लावला, बोर, करवंद लावली, गवत कमरेएवढं वाढू दिलं, पाण्याला एक उथळ खड्डा केला. वाळकी पानं झाडायची नाहीत आणि औषध मारायचं नाही, असा नियम केला. जन्मभर सरकारी बागा राखलेले तुम्ही, झाडू घेऊनच धावला असतात. सकाळी आठनंतर जमिनीवर वाळकं पान दिसलं तर स्वतःच्या शर्टावर डाग पडल्यासारखं करायचात तुम्ही. पण ऐका, पहिल्या वर्षी माझंही चुकलंच. मी भोवती जाळी लावली आणि जाळीवर पाट्या. आत येऊ नये, हात लावू नये, आवाज करू नये. झालं काय, पोरं बाहेरून बघून निघून जायची, ड्रायव्हर लोक आत गुटख्याच्या पुड्या टाकायचे, शाळेतल्या कामवाल्या आया त्याला ‘मैडम का कूड़ा’ म्हणायच्या, आणि फेब्रुवारीत कुणीतरी पानांना काडी लावली. मी घरी येऊन रडले.

आणि रडता रडता तुमचं बोलणं आठवलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, दोन पुस्तकं वाचली होती आणि शहाणपण नुसतं उतू जात होतं. तुम्ही दिवसभर उन्हातून आलेले, आई गरम भाकरी वाढतेय, आणि मी म्हणते, ‘अण्णा, तुमच्या लॉनवर फुलपाखरूसुद्धा उपाशी मरेल. हिरवी सतरंजी आहे ती नुसती.’ आईनं डोळे वटारले. तुम्ही घास संपवलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, ‘सतरंजीच आहे. दुपारचं चपराशी, ड्रायव्हर, कामाला आलेल्या बाया तिथंच डबा खातात, तिथंच पाठ टेकतात. तू जंगल कर बाई, पण त्यांना बसायला जागा ठेव.’ मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते. पस्तीसेक वर्षांनी, पानं जळल्यावर, मी जाळी काढली, पाट्या काढल्या, कडुलिंबाखाली दगडी बाकं टाकली आणि आयांना सांगितलं की डबा इथं खात जा. मग एका ड्रायव्हरनं गावाकडून कैराचं काटेरी झुडूप आणलं. गेटवरचा गार्ड पक्ष्यांचं पाणी भरायला लागला. पोरं वह्या घेऊन आत बसायला लागली. आता कुणी पुडी टाकली तर मला बोलावंच लागत नाही, आयाच त्याची अशी काही धुलाई करतात की विचारू नका. हे सगळं तुमच्या त्या एका वाक्यावर उभं आहे आणि मी ते तुम्हाला कधी सांगितलेलं नाही.

तर यंदाच्या एप्रिलची गोष्ट. इतकं सगळं करून ठेवलेलं, गवत आहे, सावली आहे, पाणी आहे, आणि टिटवीबाईंनी अंडी कुठं घालावीत? खेळाच्या मैदानाच्या कडेला, उघड्या बजरीवर, टळटळीत उन्हात. चार अंडी. मला आधी दिसलीच नाहीत, खड्यांसारखीच दिसतात. माळ्यानं दाखवली. आमचा माळी रेवाडीकडचा, तो म्हणाला, ‘टटीरी ने नीचे अंडे दिए हैं मैडम, इस बार बारिश कम होगी।’ मला पावसाची काळजी नव्हती, मला त्या मैदानाची काळजी होती. त्याच मैदानावर प्लास्टिकचं गवत घालायचं ठरलं होतं, कॉन्ट्रॅक्टर सोमवारी मशीन घेऊन येणार होता, आणि अंडी फुटायला निदान तीन आठवडे होते. मी प्रिन्सिपलकडे गेले. बाई वाईट नाहीत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि चारी बाजूंनी पालक त्यांना टोचत असतात. त्या म्हणाल्या, ‘मैम, आपका जंगल हमने दिया ना? अब चार अंडों के लिए पूरा प्रोजेक्ट रोक दूँ?’ मी म्हटलं, ‘तीन हफ़्ते।’ त्या म्हणाल्या, ‘मैम, प्लीज़।’ त्या ‘प्लीज़’नंतर बोलायला जागा नसते, अण्णा, तुमच्या वेळचे साहेब निदान ओरडायचे तरी.

घरी आले आणि मशीनमागची पाटी काढली. अक्षरं पुसट झाली होती. रविवारी मेट्रोनं करोल बागेत गेले, गाड्यांच्या नंबरप्लेटी करणाऱ्यांच्या गल्लीत. सगळीकडे एकच उत्तर, ‘अब तो सब स्टिकर है मैडम, ब्रश कौन चलाता है।’ शेवटी एक म्हातारे पेंटर भेटले. त्यांनी पाटी उलटीपालटी केली, सरकारी नंबर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता अक्षरं गिरवून दिली. खाली लाल रंगात दोन शब्द वाढवून घेतले, ‘पाइप लीकेज’. सोमवारी सकाळी सात वाजता मी आणि माळी चार खुंट्या ठोकून दोरी बांधत होतो. माळी म्हणाला, ‘पर मैडम, पाइप तो इधर है ही नहीं।’ मी म्हटलं, ‘इसीलिए तो मिल नहीं रहा, भैया।’ तो हसला नाही, पण दोरी घट्ट बांधली.

हे मी कुणाकडून शिकले ते तुम्हाला सांगायला नको. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. रविवारी तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या तुमच्या ऑफिसात न्यायचात. ऑफिस बंद, बाग आपली. लॉन कापायच्या यंत्राला बैल जुंपलेला असायचा, आणि गवतात खुरांचे खड्डे पडू नयेत म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे जोडे. मला त्या जोड्यांचं फार अप्रूप होतं, कारण माझे स्वतःचे कायम झिजलेले असायचे. तुम्ही दोरी ताणून मेंदीचं कुंपण कापून घेताय, बुंध्यांना गेरू-चुना लावून घेताय, मी बैलामागून फिरतेय. आणि बैल थांबतो. हाकलतात, तरी जागचा हलत नाही. पुढं जाऊन बघतो तर त्याच्या नाकासमोर एक टिटवी पंख पसरून उभी. एवढासा जीव, आणि एवढ्या मोठ्या बैलाला म्हणतेय, पुढं ये बघू. तिच्यामागे, लॉन संपून बजरी लागते तिथं, चार अंडी. तुम्ही उकिडवे बसलात. वाळकं पान सहन न होणारा माणूस, पण किती तरी वेळ त्या अंड्यांकडे बघत बसलात. मग उठून स्टोअरमधून पाटी, खुंट्या आणि दोरी आणलीत, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर चढवलंत की सदर जागी पाइपातून गळती, दुरुस्ती चालू.

मी विचारलं होतं, खरं का नाही सांगायचं? तुम्ही म्हणालात, ‘पक्ष्याचं खातं नाही आपल्याकडे, पाण्याचं आहे. पाइप फुटला म्हटलं की माणसं लांबून जातात. टिटवी म्हटलं की सगळे बघायला येतील, आणि साहेब तर...’ साहेबांचं मलाही माहीत होतं. ते आपल्यातलेच, पुण्याकडचे, त्यांचं प्रमोशन अडलेलं, आणि मांजर आडवं गेलं तर गाडी परत फिरवणारा माणूस. टिटवी ओरडली की काहीतरी अशुभ होतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं. दारात टिटवीनं घर केलंय असं कळलं असतं तर संपलंच. तुम्ही माझ्या नाकाला बोट लावून म्हणालात, ‘हे तुझ्या-माझ्यात. कुणालाच नाही.’ मी म्हटलं, ‘आईला?’ तुम्ही म्हणालात, ‘तिला तर नाहीच. तिच्याकडे अर्धी कॉलनी येते.’ नंतरचे दोन रविवार आपण दोघं लांब बसून बघायचो. तुम्ही बागेचा नळ मुद्दाम थोडा ठिबकत ठेवला होता. टिटवी तिथं यायची, पोटाची पिसं भिजवायची आणि जाऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची, त्यांना गारवा मिळावा म्हणून. तुम्ही म्हणायचात, बघ, गळती अगदीच खोटी नाही. आणि आपण दोघं तोंडावर हात ठेवून हसायचो. मला वाटतं, तुमच्याबरोबर मी एवढी खूश पुन्हा कधी नव्हते.

मग आईचं चैत्रातलं हळदीकुंकू आलं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गौर मांडलेली, दिल्लीतल्या आपल्या सगळ्या बायका, कैरी किसून किसून माझी बोटं आंबलेली. आई आंब्याची डाळ वाढतेय, मी पन्ह्याचे पेले फिरवतेय, आणि खुर्चीवर साहेबांच्या बाई. मी तुम्हाला आजवर जे सांगितलं नाही ते हेच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्हाला माहीत होतंच. बोलता बोलता माझ्याकडून निसटलं. टिटवी, अंडी, पाटी, सगळंच. बाईंनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, टिटवी? ऑफिसच्या दारात?’ आईनं माझ्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं की काय करून बसलेय. पुढच्या रविवारी आपण गेलो तर दोरी नव्हती, पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली, बजरीवर पाणी मारून झाडून काढलेलं. अंडी कुठं गेली ते कुणी सांगेना. टिटवीची जोडी वरून फिरत ओरडत होती, आणि तुम्ही मान वर करून बघत होतात. मी बैलाकडे बघत राहिले.

तुमच्याकडून खुलासा मागवला होता. खोटी गळती दाखवल्याबद्दल. तुम्ही घरी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसलात, आणि कार्बन सरकू नये म्हणून मला कागद धरायला सांगितलंत. मी धरला. तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की सदर जागी गळती नव्हती, चूक माझी आहे. टिटवीचा उल्लेखच नाही. मी विचारलं, ‘अंड्यांचं नाही लिहिणार?’ तुम्ही म्हणालात, ‘ती आता नाहीत ना.’ एवढ्या जवळ होते मी, अण्णा. तुमच्या मनगटाला माझं बोट लागत होतं. तोंडात तीळ न भिजणारी मी, त्या दिवशी पोतंभर तीळ गिळून बसले. तुम्ही कधी विचारलं नाहीत की साहेबांना कुणी सांगितलं. आईनंही कधी विषय काढला नाही. मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलंत, मला वाटलं साडीचा खोका आहे. उघडलं तर पाटी. भंगारात निघाली होती, तुम्ही जपून ठेवली होती. म्हणालात, ‘ठेव शाळेत. कधी काही झाकायची वेळ आली तर.’ मी हसण्यावारी नेलं, आणि तुम्हीही नेऊ दिलंत.

आता शाळेत काय झालं ते सांगते. पाटीनं काम चोख केलं. कॉन्ट्रॅक्टर आला, पाटी वाचली आणि म्हणाला, आधी प्लंबर आणा, नंतर माझ्या मशीनला काही झालं तर मी जबाबदार नाही. शाळेचे मॅनेजर नकाशे काढून बसले, त्या जागी पाइप सापडेना, आणि सापडेना म्हणून जास्तच घाबरले. अंडी नेमकी कुठं आहेत ते बघायला प्रिन्सिपलबाई आल्याच नव्हत्या. दहा दिवस गेले. बिल्कुल तुमच्यासारखंच, माणसं लांबून जात होती. पण सहावीतली एक मुलगी, दोन वेण्यांची, कायम प्रश्न विचारणारी, तिनं मला आणि माळ्याला पाणी ठेवताना बघितलं होतं. तिला मी सांगितलं होतं की हे आपल्या दोघींत. तिच्या नाकाला बोट लावलं नाही, एवढंच. आणि एका सकाळी असेंब्लीत तिची बोलायची पाळी आली. तिनं माइक हातात घेतला आणि अख्ख्या शाळेसमोर सांगितलं, ‘ग्राउंड में पाइप नहीं फूटा है। वहाँ टिटहरी के अंडे हैं, और हमारी मैम उनको बचा रही हैं।’ सगळी शाळा एकदम मैदानाकडे वळली.

मधल्या सुट्टीत सगळे दोरीला येऊन भिडले. ढकलाढकली, टीचर लोकांचे मोबाइल, गार्ड शिट्टी वाजवतोय. टिटवीची जोडी डोक्यांवरून झेपा घालत होती, आणि मेचं ऊन थेट उघड्या अंड्यांवर. मी दुखऱ्या गुडघ्यानं धावले. माळी हात पसरून उभा होता, त्या टिटवीसारखाच, आणि त्याच्याशेजारी आमच्या आया. त्यांनी पोरांना कंपाउंडपर्यंत मागं रेटलं, एकीनं तर एका सरांनाही दंडाला धरून बाजूला केलं. ‘सर जी, वो माँ है, उसको बैठने दो।’ पंधरा मिनिटांनी मैदान मोकळं झालं आणि टिटवी येऊन बसली. त्या आया माझ्या कोपऱ्यात रोज डबा खातात. त्यांना मी पक्ष्यांचा एकही धडा शिकवलेला नाही.

मग प्रिन्सिपलबाईंनी बोलावलं. ‘बोर्ड आपने लगाया? झूठा?’ म्हटलं, हो. त्यांनी मेलवर लेखी मागितलं. स्टाफरूममध्ये बसून मी लिहिलं, वहाँ लीकेज नहीं था, गलती मेरी है. पाठवणार तेवढ्यात तुमचा कागद आठवला आणि मी पुढं एक ओळ जोडली, वहाँ चार अंडे हैं, और अभी हैं. तुम्हाला ती ओळ लिहिता आली नव्हती, मला येत होती, म्हणून लिहिली. तोवर पालकांच्या ग्रुपवर फोटो फिरले होते आणि लोक विचारायला लागले होते की अंड्यांचं काय झालं. बाई मला म्हणाल्या, ‘अब तो मैं रोलर चलवा ही नहीं सकती, मैम।’ कॉन्ट्रॅक्टरला दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायला सांगितलं. मला वॉर्निंग मिळाली, फाइलला लागली. चालायचंच. पण तुमच्या वेळी जे सांगितल्यानं बुडालं, ते इथं सांगितल्यानं तरलं, याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही म्हणायचात ना, टिटवीदेखील समुद्र आटविते. मी म्हणते, आटवेल, पण शेजारीपाजारी हवेत.

त्याच दिवशी शाळा सुटताना ती मुलगी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझ्यामुळे मॅमना ओरडा बसला. म्हणाली, ‘मैम, मैंने ही बताया। मुझसे निकल गया।’ मी म्हटलं, ‘पता है, बेटा।’ बस, एवढंच. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि बसकडे पळाली. मी तिथंच उभी. कारण मला त्या क्षणी तिच्यावर राग नव्हताच, अण्णा, रागाचा लवलेशही नव्हता, तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, आणि मला पहिल्यांदा कळलं की टेबलाच्या त्या बाजूला तुम्हाला कसं वाटलं असेल. तुम्हाला माहीत होतं ना? कागद मला धरायला दिलात, तो कार्बनसाठी नव्हताच बहुतेक. तुम्ही वाट बघत होतात.

अंडी सुट्टी लागायच्या आदल्या शनिवारी फुटली. तीन पिल्लं आली, चौथं अंडं तसंच राहिलं. काड्यांसारखे पाय, ओली पिसं, आणि तासाभरात चालायला तयार. टिटवी पुढं, पिल्लं मागं, एक अडखळतंय, परत उठतंय. गार्डनं गेट बंद करून बसेस बाहेर थांबवल्या, ड्रायव्हर खाली उतरून बघत होते, कुणी हॉर्न दिला नाही. आणि माहितीये कुठं गेली ती? सगळं मैदान ओलांडून सरळ आमच्या उंच गवतात. अंडी घालायला तिला तुमच्यासारखी साफ, उघडी जमीन लागली आणि पिल्लं लपवायला माझं रान. तुमच्याशी भाकरी खाताना भांडले होते ना, ते भांडण त्या बाईनं असं दोन मिनिटांत मिटवलं. मी बाकावर बसले आणि आयांच्या डब्यातलं लोणचं-पराठा खाल्ला. पाटी काढून माळ्यानं माझ्याशेजारी आणून ठेवली.

आता एकच राहिलं. वर मी लिहिलं की हळदीकुंकवाला माझ्याकडून निसटलं. आयुष्यभर मी स्वतःलाही हेच सांगत आले. त्या मुलीचं खरंच निसटलं होतं, माझं नाही. साहेबांच्या बाई आईला म्हणत होत्या, ‘तुमच्या ह्यांचं काय बाई, माळ्यांवर मुकादम, डोक्याला ताप नाही.’ आई हसून डाळ वाढत राहिली. मला सहन झालं नाही. मी पेला त्यांच्या हातात दिला, समोर उभी राहिले आणि सांगितलं, माझे अण्णा किती हुशार आहेत तुम्हाला माहीत नाही, त्यांनी तुमच्या साहेबांना दोन आठवडे फसवलंय. चांगलं ठरवून, मोठ्यानं सांगितलं. तुम्ही मला इतके आवडत होतात, म्हणून. त्या मुलीला कबूल करायला एक दिवस लागला, मी तुमचा कागद धरून बसले ती अजून बसलेच होते. हे पत्र कुठं टाकायचं नाही. पाटीच्या मागं, तुमच्या नंबरखाली चिकटवते आणि मशीनमागं ठेवते.